तांदळाच्या डब्यात बोट

"ताई, बोट गेली," मी फोनवर म्हणालो. पलीकडे क्षणभर काहीच नाही, मग एकदम किंकाळी, "अरे देवा, कुठल्या हाताचं?" मराठीत बोट ती आणि बोट ते असा फरक करून ठेवलाय तो अशाच प्रसंगांसाठी. पण रविवारी सकाळी सातला आपला मुलगा मामाबरोबर तळ्यावर गेलेला असताना कुठली आई व्याकरण बघत बसेल? आमच्या दोघांची वीसही बोटं जागच्या जागी आहेत असं सांगून मी फोन ठेवला. बोट मात्र खरंच गेली होती. नेरूळला आमच्या सेक्टरमागे होल्डिंग पाँड आहे, त्यात काठापासून चाळीसेक फुटांवर, मचूळ पाण्याखाली.

ही रिमोटवर चालणारी शर्यतीची बोट. लांबी ६८ सेंटिमीटर, अंग फायबरग्लासचं, तळ व्ही आकाराचा. ठाण्यातल्या एका हौशी माणसाकडून सेकंडहँड घेतलेली. मोटर ब्रशलेस, २००० केव्हीची. हे केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे, एका व्होल्टला मिनिटाला इतके फेरे असा त्याचा अर्थ. दोन सेलच्या दोन लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की १४.८ व्होल्ट मिळतात, म्हणजे कागदावर मिनिटाला २९,६०० फेरे. पाण्याचा भार आल्यावर ते बरेच उतरतात, तरी बोटीत छोटा जीपीएस ठेवून मोजलं तेव्हा ताशी ५८ किलोमीटर आले होते. या वेगाला बोट पाण्यात नसतेच म्हणा, पाण्यावर घसरत असते. पंख्याचंसुद्धा अर्धं पातं पाण्याबाहेर असतं. अशा वेळी समोर काही आलं की संपलं.

समोर आली ती निर्माल्याची पिशवी. आत नारळ असावा, कारण आवाज 'टक्' असा आला. बोट हवेत गेली, पालथी पडली आणि झाकणाची चिकटपट्टी निघाली. तरीही ती तरंगायला हवी होती. जुन्या मालकाने पुढच्या टोकात फोमचे तुकडे भरलेले होते. मोठ्या बॅटऱ्या बसाव्यात म्हणून मीच ते मार्चमध्ये काढून टाकले होते. भाच्याने तेव्हा विचारलंही होतं, "मामा, हे कशासाठी असतं?" मी म्हणालो होतो, "पॅकिंग असेल."

या तळ्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्या पाण्यामुळे झालं. होल्डिंग पाँड शोभेसाठी नसतात. सिडकोने खाडीकाठच्या सखल जमिनीवर शहर वसवलं, तेव्हा मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली तर नाल्यांचं पाणी थोपवून धरायला नाले आणि खाडी यांच्यामध्ये ही तळी ठेवली. खाडीच्या बाजूला झडपा असतात. भरतीच्या दाबाने त्या मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. झडप मिटली तरी थोडं खारं पाणी आत येतंच, त्याबरोबर गाळ येतो, गाळावर तिवरं उगवतात. पावसाळ्यात हे तळं बऱ्यापैकी गोडं असतं. एप्रिलअखेर ते खाडीच असतं.

गाळात उतरायची सोय नव्हती, माणूस कमरेपर्यंत रुतेल. तेवढ्यात सारसोळ्याचे एक काका दिसले, नाल्याच्या तोंडाशी पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन उभे. त्यांना हात जोडले. त्यांनी काही न विचारता पाग फेकला. पहिल्यांदा गाळ, दुसऱ्यांदा चप्पल, आणि तिसऱ्या खेपेला दोन बोईट मासे आणि माझी बोट. बुडून चाळीस मिनिटं झाली होती आणि बॅटऱ्या अजून जोडलेल्या होत्या. झाकण उघडल्यावर आतल्या पाण्यात तारांच्या जोडांपाशी बारीक बुडबुडे येत होते. भाच्याला ते फार आवडले. विजेने पाण्याचं विघटन होतं हे त्याला आठवीत शिकवलं होतं, आता प्रत्यक्ष बघायला मिळालं, आणि त्याच विजेने माझ्या जोडांचं तांबं खाल्लं जात होतं.

काका पाग पिळत म्हणाले, "खाऱ्या पान्यातली हाय. घरी नेऊन आधी गोड्या पान्यात बुडव."

"काका, भिजलीच आहे हो ती. आता वाळवायची."

"माझी मशीन पडली व्हती पान्यात. दिवसभर गोड्या पान्याच्या पिंपात ठेवली, मंग खोलली. अजून चालते."

मशीन म्हणजे त्यांच्या होडीचं इंजिन. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, इंजिन वेगळं, इलेक्ट्रॉनिक्स वेगळं. हे वाक्य मला पुढे सात महिने पुरलं.

घरी येऊन मी सगळं सुटं केलं, फडक्याने पुसलं आणि ईएससी, रिसीव्हर, सर्वो हे तिन्ही आईच्या तांदळाच्या डब्यात पुरले. ईएससी म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, बोटीतला सर्वांत महागडा भाग. रिसीव्हर रिमोटचे हुकूम घेतो, सर्वो मागचं रडर, म्हणजे सुकाणू, वळवतो. डब्यात वाडा कोलम होता. आईने फक्त एवढंच विचारलं, "किती दिवस वरण-पोळीच खायची आहे?" पाच दिवस. सहाव्या दिवशी मोटर आणि पंख्यामधला शाफ्ट सुटा ठेवून नुसती मोटर जोडली, बॅटरी लावली. ईएससीने नेहमीसारख्या चार शिट्या दिल्या, चार सेल ओळखले. थ्रॉटल दिला तर मोटर गुणगुणली. मी भाच्याला व्हिडिओ पाठवला, खाली लिहिलं, "तांदूळ झिंदाबाद". मे महिन्यात आम्ही गावी जाणार होतो. बोट कपड्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. ते तांदूळ आईने पाखडले, हुंगले आणि टाकून दिले. बाईंचं नाक मल्टिमीटरपेक्षा बरं निघालं.

जूनमध्ये भाच्याची शाळा सुरू झाल्यानंतरचा पहिला रविवार. बाहेर धो धो पाऊस. तो म्हणाला, "मामा, नुसती लावून तर बघू." पंखा काढलेला होता, तेवढं शहाणपण होतं. बॅटरी जोडली. शिट्या आल्या त्या तीनच, मग सर्वो आपोआप थरथरायला लागला, मिरगी आल्यासारखा. मी थ्रॉटलला हातही लावलेला नव्हता. पुढच्या क्षणी 'फट्' असा आवाज, पांढरा धूर आणि जळक्या रेझिनचा तो वास, जो एकदा नाकात बसला की पडद्यांना आठवडाभर येत राहतो. टॉवेल हाताला गुंडाळून बॅटरी ओढून काढली. त्या दोन सेकंदांत जाड तारांचं रबर मऊ झालं होतं. आत बहीण पोहे करत होती. तिला "फ्यूज गेला" सांगितलं. हे ती वाचेल तेव्हा वाचेल.

मे महिन्यात चालणारी वस्तू कोणी हात न लावता जूनमध्ये का जळावी? दोन दिवस डोक्याला ताप. उत्तर स्वयंपाकघरात होतं. पाऊस लागला की आमच्याकडे मिठाच्या बरणीत तांदळाची पुरचुंडी टाकतात, कारण मिठाला पाणी सुटतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ त्या हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर त्याच्याही बऱ्याच आधी ओलं होतं. मी डब्यात पाणी वाळवलं होतं. मीठ होतं तिथेच राहिलं, सर्किटवर, कोरडं, निरुपद्रवी दिसणारं. नेरूळमध्ये पाऊस आला आणि माझी ईएससी माळ्यावरच्या माळ्यावर पुन्हा बुडाली.

ती बाजारातल्या मोबाइल रिपेअरवाल्या पोराकडे नेली. त्याच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे, जोडून पडदाही आहे. वरचं आवरण सोलून त्याने बोर्ड खाली धरला आणि पडद्यावर हिरव्या-पांढऱ्या बुरशीसारखं जंगल दिसलं. "तांदळात ठेवला होता ना?" त्याने विचारलं. मी गप्प. त्याने चिमट्याने पांढरी पूड दाखवली, मिठात कालवलेला तांदळाचा भुसा. "काका, ॲपलवालेसुद्धा सांगतात, फोन तांदळात ठेवू नका. रोज दोन तरी येतात असे." मला तो काका म्हणाला याचं दुःख त्या दिवशी जास्त झालं.

जळण्याचं कारण त्याने नीट समजावलं. ईएससीमध्ये मॉस्फेट नावाचे छोटे स्विच असतात, मोटरच्या प्रत्येक तारेला एक वरचा गट आणि एक खालचा. वरचा बॅटरीच्या अधिक टोकाला, खालचा उणे टोकाला. दोन्ही एकाच वेळी चालू व्हायचे नाहीत, हा त्यांच्या संसाराचा नियम. त्यांना हुकूम देणाऱ्या बारीक रेषांवर खारट ओल पसरली, वीज भलतीकडून झिरपली आणि दोघे एकदम चालू झाले. म्हणजे अधिक आणि उणे थेट जोडले गेले. माझ्या बॅटरीच्या लेबलवर २५० अँपिअरचा दावा आहे. दावा खोटा धरून निम्मा केला तरी नखाएवढ्या स्विचाची राखच व्हायची. "हे नाही होणार," तो म्हणाला आणि पैसेही घेतले नाहीत. रिसीव्हर मात्र त्याने ठेवून घेतला. उघडून अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये दोनदा धुतला, तो आजही चालतो. सर्वोमध्ये पाणी थेट आतल्या पोटेन्शिओमीटरपर्यंत, म्हणजे किती वळलं ते मोजणाऱ्या भागापर्यंत, गेलं होतं, तो टाकला.

त्या संध्याकाळी मी पिंप नाही तर निदान बादली भरली, आणि काकांनी एप्रिलमध्ये सांगितलेलं काम जूनअखेर सुरू केलं.

धुणं कधी पुरे झालं हे ओळखायचं कसं? मीठ दिसत नाही. इथे आमच्या घरातली एक दुर्लक्षित वस्तू कामी आली. पाण्याचा फिल्टर विकायला येणारे लोक एक टीडीएस मीटर दाखवून घाबरवतात, तसा एक आमच्या ड्रॉवरमध्ये पडून होता. पाण्यात विरघळलेले क्षार तो विजेच्या वहनावरून अंदाजाने सांगतो. आमच्या नळाला मोरबे धरणाचं पाणी, ते ७० च्या आसपास निघालं. मोटर अर्धा लिटर पाण्यात बुडवली, दहा मिनिटं हलवत ठेवली आणि मीटर घातला: ६४०. पाणी फेकलं, नवं घेतलं: २९०. मग १४०. मग ९०. पाचव्या पाण्याला ७२ आला तेव्हा भाच्याने "आउट!" म्हणून हात वर केला. शेवटचं पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड, पेट्रोल पंपावरून आणलेलं. त्यानंतर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कारण ते उरलेल्या पाण्यात मिसळून त्याला बरोबर घेऊन उडून जातं. रडर, पाणी घेणारी नळी, स्टँड, स्क्रू, प्रत्येक वस्तूला असं पाणी दाखवलं. हिने विचारलं, "बाळंतपण आहे का?" तोवर घरातली सगळी पातेली गुंतलेली होती.

तारांनी मात्र फसवलं. बाहेरून सिलिकॉनचं रबर नवंकोरं. बॅटरीच्या जोडाशी नवं सोल्डर लावायला गेलो तर ते तांब्याला धरेना, पाऱ्यासारखं घरंगळायचं. रबर थोडं सोललं, आत तांबं काळं. आणखी सोललं, अजून काळं. त्या तारेत शेकडो केसाएवढे धागे असतात. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं खारं पाणी त्यांच्यामधून आत चढलं होतं. चार ते सहा सेंटिमीटर कापल्यावर लखलखीत तांबं लागलं. मोटरच्या तीन तारा कापायला पुरेशा लांब होत्या हे नशीब.

मोटरचं काम मला सर्वांत आवडलं. मागचे स्क्रू काढून रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, ओढायचा. चुंबक इतका चिवट की दोघांनी दोन बाजूंनी धरून ओढावं लागलं. पाच पाण्यांनंतरही स्टेटरच्या, म्हणजे न फिरणाऱ्या भागाच्या, पत्र्यांवर तांबूस गंज होता आणि त्याची भुकटी चुंबकाला मिशीसारखी चिकटलेली. ती ब्रशने निघत नाही, पुन्हा जाऊन बसते. चिकटपट्टी दाबून दाबून काढली. वाइंडिंग शाबूत आहे का ते बघायला साधा मल्टिमीटर अर्धवटच उपयोगाचा. तार आणि बॉडी यांच्यात वीज झिरपत नाही एवढं तो सांगतो, पण वेटोळ्यांचा रोध इतका कमी असतो की एखादं वेटोळं आतल्या आत चिकटलं असलं तरी आकडा तोच. मग शिरवण्याला आमचे ओळखीचे वाइंडिंगवाले आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मोटरचा दांडा ड्रिल मशीनमध्ये पकडला, ड्रिल फिरवलं आणि तीन तारांपैकी दोन-दोन धरून एसी व्होल्टेज मोजलं. मोटर फिरवली की ती जनित्रासारखी वीज देते. ०.९८, ०.९९, ०.९८. "तिघी बहिणी सारख्या," ते म्हणाले. एक जरी वेटोळं मेलं असतं तर त्या जोडीचा आकडा पडला असता. रात्रभर त्यांनी मोटर दोनशे वॉटच्या बल्बखाली पत्र्याच्या डब्यात शेकत ठेवली. जुलैत ऊन कुठून आणायचं?

बेअरिंगं अर्थातच गेलेली. बोटांनी फिरवली तर जात्यासारखी घरघर. पुढचं ६२५, म्हणजे ५ मिलिमीटर दांडा, १६ बाहेरचा व्यास, ५ जाडी. मागचं ६९५, म्हणजे ५, १३ आणि ४. नेरूळहून हार्बरची गाडी थेट मशीद बंदरला नेते आणि तिथून नागदेवी चालत पाच-सात मिनिटं. नागदेवीत बेअरिंगच्या दुकानात गिऱ्हाईक ट्रकचं किंवा गिरणीचं असतं, मी खिशातून शेंगदाण्याएवढी दोन बेअरिंगं काढली तेव्हा काउंटरवरचा म्हातारा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "खिलौना है क्या?" मी होय म्हणालो. स्टेनलेस, रबराच्या सीलची मागितली. पत्र्याच्या झाकणाची स्वस्त असतात, पण तिथून पाणी आत जातं. दोन जोड घेतले, दुसरा पुढच्या वर्षासाठी. माणसाने स्वतःला ओळखून असावं.

शाफ्टबद्दल थोडक्यात. मोटरपासून पंख्यापर्यंत जाणारा दांडा सरळ सळई नसतो. पोलादी तारा पिळून केलेली लवचीक केबल असते, पितळी नळीतून वाकून जाणारी. ती नळीत गंजून अशी बसली होती की हातोडी लागली. नवी आणली, तिचं टोक स्टेनलेसच्या छोट्या दांड्याला सोल्डर केलं. दोन गोष्टी पाळायच्या. केबलचा पीळ असा हवा की मोटर फिरताना तो आवळत जाईल, उलटा असेल तर उसवतो. आणि मागे पंख्याच्या आधी तीन-चार मिलिमीटरची फट ठेवायची, कारण जोर आला की पीळ आवळून केबल तेवढी आखूड होते. पहिल्यांदा बोट घेतली तेव्हा ही फट मला कारागिराची चूक वाटली होती आणि मी ती बंद केली होती. फोम आणि ही फट, जुन्या मालकाच्या दोन्ही शहाणपणाच्या गोष्टी मी स्वतः सुधारून बिघडवल्या.

फायबरग्लासला खाऱ्या पाण्याने काही होत नाही. पण मोटर ज्यावर बसते ती आतली प्लायवूडची पट्टी फुगून पापडासारखी सुटली होती. ती खरवडून काढली, नवी कापली, एपॉक्सीने बसवली. जुलैत एपॉक्सीचं काम करू नये असं शहाणे सांगतात. दमट हवेत हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी खेळतो आणि वर मेणचट चिकट साय धरते. तिच्यावर दुसरा हात दिला तर तो सोलून येतो. माझा आला. उपाय पुन्हा तोच: कोमट पाणी, भांडी घासायची हिरवी घासणी, धुऊन पुसून मगच पुढचा थर. प्लायवूडच्या कडाही या वेळी एपॉक्सी पाजून बंद केल्या.

आणि फोम. हिशेब सोपा आहे, पाणी बाजूला सारणारा एक लिटर फोम साधारण एक किलो तोलतो. बोट सगळं धरून २.२ किलो. तिचं स्वतःचं सामानही थोडं पाणी सारतं, म्हणून दोन लिटर फोम पुरावा, म्हणजे दुधाच्या दोन मोठ्या पिशव्यांएवढी जागा. मोठ्या बॅटऱ्यांनी ती खाल्ली होती, त्यामुळे बॅटऱ्यांचे ट्रे मागे सरकवले, पुढचं टोक आणि दोन्ही कुशी भरल्या. पोहायला शिकणारी मुलं धरतात ती फोमची नळी यासाठी उत्तम, पाणी पीत नाही.

तपासायचं कुठे? ६८ सेंटिमीटरची बोट बादलीत मावत नाही. आमच्या सोसायटीत विसर्जनाचा हौद आहे आणि गळतो का ते बघायला चतुर्थीच्या आठवडाभर आधी तो भरून ठेवतात. संध्याकाळी भाचा आणि मी बोट घेऊन उतरलो, झाकण काढलं, बॅटऱ्यांच्या जागी तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि बोट हाताने दाबून पाण्याने पूर्ण भरली. सोडली. शेपटी खाली गेली, नाक वर आलं आणि ती तशीच उभी राहिली, चार बोटं नाक पाण्याबाहेर. अर्धा तास. सेक्रेटरी खाली आले, हौदाकडे बघितलं, म्हणाले, "बाप्पाच्या आधीच विसर्जन?" मग वाकून बघत, "बुडत का नाहीये?" आर्किमिडीज समजावून सांगायला मला त्या दिवशी प्रथमच श्रोता मिळाला.

नवी ईएससी साडेचार हजारांची. डब्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असतं. मी त्यावर विश्वास न ठेवता रिसीव्हरच्या बोर्डावर कॉन्फॉर्मल कोटिंगचे, म्हणजे सर्किटवर द्यायच्या पाणीरोधक लेपाचे, दोन हात मारले, पिनांवर तेवढी चिकटपट्टी लावून. कोटिंग पिनांवर गेलं की जोडणी लागत नाही. नंतर रिसीव्हर एका फुग्यात घालून फुग्याचं तोंड तारांभोवती केबल टायने आवळलं. फुगा भाच्याच्या धाकट्या बहिणीच्या वाढदिवसातला, त्यावर मांजर आहे. दोन बॅटऱ्यांपैकी एक फुगली होती. ती गॅलरीत मातीच्या कुंडीवर ठेवून गाडीच्या बल्बवर पूर्ण उतरवली आणि ई-कचऱ्यात दिली. दुसरीचे सेल ठीक होते, जोड नवे लावले. फुगलेली बॅटरी "अजून चालेल" म्हणून ठेवणारे लोक माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्या घरी मी मुक्कामाला जात नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा त्याच तळ्यावर. सहा-चाळीसला बगळे उठून गेले, मग बोट सोडली. या वेळी आधी दुर्बिणीने पाणी बघितलं, दोन पिशव्या दिसल्या, त्या बाजूला जायचं नाही ठरवलं. टीडीएस मीटर तळ्यात घातला तर त्याची सर्वांत मोठी संख्या, ९९९०, तीही ओलांडून तो नुसता लुकलुकायला लागला. पहिली फेरी अर्ध्या वेगात. थंड करायचं पाणी मागच्या भोकातून धारेने बाहेर पडतंय ना, हे भाचा काठावरून बघत होता. दुसरी फेरी पूर्ण. तीन मिनिटांनी काठाला घेऊन थर्मामीटर लावला: मोटर ४८ अंश, ईएससी ४४. सेल ३.७ व्होल्टवर. आतून पुसलं तर चमचाभर पाणी, मागच्या नळीतून आलेलं. शाफ्टला जरा जास्त ग्रीस लागेल.

मग डिकीतून पाच लिटरचा कॅन काढला. बोट उलटी धरून भाच्याने पाणी ओतलं, मी वीस मिलिलिटरची सिरिंज लावून थंड करायच्या नळ्यांतून गोडं पाणी तीनदा ढकललं, केबल ओढून काढली, धुतली, पुसली, ग्रीस लावलं. फिरायला आलेले एक गृहस्थ थांबले आणि म्हणाले, "पाण्यातून तर काढलीत, आता धुताय कशाला?" भाचा उत्तर द्यायला तयारच होता, पाच पाण्यांचे आकडे पाठ आहेत त्याला.

तेवढ्यात नाल्याकडून सारसोळ्याचे काका आले, खांद्यावर पाग, गुडघ्यापर्यंत काळा गाळ. बोटीकडे बघितलं, कॅनकडे बघितलं. मी काही बोलणार, तोच त्यांनी विचारलं, "उरलंय काय त्यात?"

लिटरभर होतं. त्यांनी पाय धुतले, मग कोयता धुतला, आणि रिकामा कॅन झाकण लावून माझ्या हातात दिला.